वाफेची बचत आणि पाण्याचा हिशेब

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद पडले, ते कोळशावाचून नव्हे, तर पाण्यावाचून. तेव्हा ११३० मेगावॉट क्षमता असलेल्या या केंद्रावर २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. परळी बीड जिल्ह्यात आहे. शेजारच्या धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात वाफेवरची वीज तयार होते ती प्रामुख्याने साखर कारखान्यांच्या आवारात. कळंब तालुक्यातील रांजणीचा नॅचरल शुगर हे त्याचे उदाहरण. टंचाईचे सावट मात्र दोन्हीकडे सारखेच असते.

वीज केंद्रातील पाणी वाफ होऊन संपते, हा समज तितकासा खरा नाही. बॉयलरमधील शुद्ध पाणी वाफ होते, टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होते आणि बॉयलरकडे परतते. खरा खप होतो तो कंडेन्सर थंड ठेवणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये. एक टन वाफ थंड करताना जवळपास तेवढेच पाणी तेथे हवेत उडून जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना मेगावॉट तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली, ती याच कारणाने.

साखर कारखान्याची गोष्ट वेगळी आहे. टर्बाइनमधून बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ तेथे रस आटवण्यासाठी वापरतात. एकाच बगॅसवर वीजही होते आणि साखरही. शिवाय उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते. हजार टन उसाबरोबर सातशे टन पाणी कारखान्यात येते. त्यातील सुमारे १४० टन बगॅसमध्ये राहते आणि उरलेल्याचा बराच भाग रस आटवताना वाफ होऊन सुटतो. ही वाफ थंड करून मिळणारे पाणी इंबिबिशनसाठी आणि यंत्रे धुण्यासाठी वापरता येते, प्रक्रिया केल्यास कूलिंग टॉवरलाही चालते. बॉयलरमध्ये मात्र ते तपासल्याशिवाय घालू नये. साखरेचा अंश गेला, तर पाणी फेसाळते आणि नळ्या खराब होतात.

जुन्या कारखान्यांत शंभर टन उसामागे पन्नास टनांच्या आसपास वाफ लागे. पाच टप्प्यांचे बाष्पीभवन, आधीच्या पात्रातील वाफेवर रस तापवणे आणि फॉलिंग फिल्म पात्रे यांमुळे हे प्रमाण चाळीसच्या खाली आणता येते. दुसरी सुधारणा दाबाची. चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाच्या जुन्या संचाला एका मेगावॉट तासासाठी दहा टनांहून अधिक वाफ लागते. ८७ किलो दाबावर सहा टनांच्या आसपास भागते. गळके स्टीम ट्रॅप आणि उघड्या वाफवाहिन्या या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींची दुरुस्ती सर्वांत स्वस्त, आणि बहुधा तीच राहून जाते.

वाफ वाचली म्हणजे पाणी वाचलेच, असे मात्र नाही. वाचलेली वाफ कंडेन्सिंग टर्बाइनमध्ये सोडली की जास्त वीज विकता येते, पण कूलिंग टॉवरची तहानही वाढते. गाळप सुरू असताना ती उसातील पाण्यावर बरीचशी भागते. हंगाम संपल्यावर साठवलेल्या बगॅसवर एप्रिल-मेमध्ये संच चालवला, तर उसाचे पाणी नसते; धरण किंवा विहीर एवढाच आधार उरतो. गावांना टँकर सुरू होतात, तेही याच महिन्यांत. ऊस पिकवायला लागणाऱ्या पाण्यापुढे हा वापर फार लहान आहे हे खरे; पण उन्हाळ्यातील एका तलावावर त्याचा भार जाणवतो.

हवेवर थंड होणारा कंडेन्सर हा त्यावरचा पर्याय आहे. त्यामुळे कूलिंग टॉवरचे पाणी जवळजवळ पूर्ण वाचते. मात्र उभारणीचा खर्च जास्त येतो, पंख्यांना वीज लागते आणि मराठवाड्याच्या चाळीस अंशांच्या उन्हात निर्मिती काहीशी घटते. उच्च दाबाचा नवा संच बसवतानाच कारखान्याला ही निवड करावी लागते. नंतर बदल करणे महागात पडते.