उस्मानाबाद साहित्य संमेलन (2020) : अध्यक्षपदाचा वाद

93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 10 ते 12 जानेवारी 2020 रोजी उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे भरले. तेर ही संत गोरोबाकाकांची भूमी याच जिल्ह्यात असल्याने संमेलनस्थळाला त्यांचेच नाव दिले होते.

पूर्वी अध्यक्षपदासाठी मतदान होई. सुमारे हजार मतदारांसाठी उमेदवार गावोगाव फिरत. गटबाजी आणि जाहीर आरोप-प्रत्यारोपांना ऊत येई. या चढाओढीला कंटाळून अनेक मोठे लेखक निवडणुकीपासून दूर राहिले, हे मराठीचे खरे नुकसान. 2018 मध्ये संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने घटना बदलून मतदानाऐवजी सन्मानाने निवडीची पद्धत आणली. तिच्यानुसार आधी अरुणा ढेरे (यवतमाळ, 2019) आणि नंतर फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले.

निवडणूक गेली, वाद मात्र उरला. वसईचे दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते. तरीही त्यांच्या लेखनाऐवजी धर्मगुरुपदावर बोट ठेवून समाजमाध्यमांवर व पत्रकांतून विरोध झाला. ग्रंथ न वाचता ग्रंथकाराला धारेवर धरणे अन्यायाचेच होते. उद्घाटक कवी ना. धों. महानोर यांनाही संमेलनाला जाऊ नये असे एका संघटनेने कळवले. ते गेले आणि त्यांनीच उद्घाटन केले. वर्षभरापूर्वी यवतमाळात लेखिका नयनतारा सहगल यांचे उद्घाटनाचे निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले होते. त्या पार्श्वभूमीवर उस्मानाबादकरांची ठाम भूमिका उठून दिसते.

दिब्रिटो यांचे जुलै 2024 मध्ये निधन झाले.