अर्कश्याम आणि राळेगणसिद्धी

पारनेर आणि जुन्नर हे लगतचे तालुके. परंतु मद्याच्या इतिहासात त्यांच्या वाटा भिन्न झाल्या. जुन्नरमधील नारायणगावी १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने वाइननिर्मिती आरंभिली, आणि त्या उद्योगात परदेशी वाणांच्या पंक्तीस अर्कश्याम हा एतद्देशीय वाणही येऊन बसला.

हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने बंगलोर ब्लू आणि ब्लॅक चंपा यांच्या संकरातून सिद्ध केलेल्या या वाणाचे मणी मध्यम आकाराचे, काळेभोर व तकतकीत असून, बंगलोर ब्लूचा उग्र गंध त्यात सौम्य होऊन उतरला आहे. शिवाय दमट हवेत वेलीस ग्रासणाऱ्या करप्यालाही तो चिवटपणे तोंड देतो.

पारनेरमधील राळेगणसिद्धीत मात्र, जेथे पर्जन्य तुटपुंजे आणि शेती बेभरवशाची, मद्य होते ते हातभट्टीचे. तीस-चाळीस भट्ट्यांवर कित्येक कुटुंबांची गुजराण चाले, आणि तितक्याच घरांची धूळधाण होई. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने यादवबाबांच्या मंदिरात शपथ घेऊन गावाने त्या बंद केल्या आणि ओढ्यांवर बंधारे घालून शेतीस पाण्याचा आधार दिला. म्हणूनच जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटांत वाइनविक्रीस मुभा देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा विरोधाचा प्रबळ सूर येथूनच उमटला. द्राक्षबागायतदाराचे हित खरे आहे. पण कोणताही परवाना देण्यापूर्वी या गावाचा अनुभव सरकारदरबारी आदराने ऐकला गेला पाहिजे.