उबदार बेटांची वाट

डिसेंबर महिना लागला की आपल्या कोकणपट्टीत हवा सुखाची होते. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, दुपारचे ऊन बोचत नाही आणि घराघरांतून नाताळच्या फराळाचा वास येऊ लागतो. उत्तर युरोपात याच दिवसांत अगदी उलट स्थिती असते. लंडनसारख्या शहरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. ढगांच्या छताखाली आठवडेच्या आठवडे निघून जातात. अशा वेळी तेथील माणसाचे मन दक्षिणेकडे धाव घेते. त्याच्या मनातले हे स्थळ म्हणजे अटलांटिक महासागरातील मदेरा आणि कॅनरी ही बेटे. भर हिवाळ्यातही तेथे दिवसाचे तापमान 20 अंशांच्या आसपास असते. तिकडे जाणाऱ्या हिवाळी जलपर्यटनाला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे.

हा इतिहास आपल्या वाचकांसमोर मांडण्याची आम्हांला दोन कारणे वाटतात. या सागरी वाटेशी आपल्या ख्रिस्तसभेचे जुने नाते आहे, हे एक. दुसरे असे की या बोटींवर राबणाऱ्या हातांत आपल्याच गोव्या-कोकणातील, मुंबई परिसरातील हात मोठ्या संख्येने आहेत.

आरंभी या बेटांवर हौसेने कोणी जात नसे. एकोणिसाव्या शतकात क्षयरोगावर औषध नव्हते. ज्यांच्यापाशी पैसा होता ते रुग्ण उबदार हवेच्या आशेने मदेराला हिवाळा काढीत. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ 1860-61 चा हिवाळा येथेच राहिली होती. दक्षिण आफ्रिकेकडे जाणाऱ्या इंग्रजी टपालबोटी मदेराला थांबत, त्यामुळे ये-जा सोपी झाली.

केवळ फिरण्यासाठी बोट काढावी ही कल्पना रुजली ती व्यापारी गरजेतून. जर्मनीतील हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे अल्बर्ट बालिन यांच्यापुढे एक प्रश्न होता. हिवाळ्यात खवळलेल्या उत्तर अटलांटिकवरून अमेरिकेला जाणारे उतारू घटत आणि मोठमोठ्या बोटी नुसत्या उभ्या राहत. त्यांनी 22 जानेवारी 1891 रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट 241 प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सफरीवर नेली. सुमारे दोन महिन्यांनी ती यशस्वीपणे परतली आणि हिवाळी जलपर्यटन हा एक धंदा होऊन बसला. त्याच वर्षी मदेराच्या फुंशाल शहरात रीड यांचे प्रसिद्ध हॉटेल उघडले. पुढे दोन महायुद्धांमधील काळात इंग्लंडहून मदेरा आणि कॅनरीकडे जाणाऱ्या सफरी मध्यमवर्गालाही परवडू लागल्या.

अशा सफरीवरचा दिवस कसा जात असे? बोट साउदॅम्प्टनहून निघाली की पहिली परीक्षा बिस्केच्या उपसागराची. हिवाळ्यात हा भाग फार खवळलेला असतो. जेवणाच्या मेजांना कडा लावतात, म्हणजे ताटे घसरत नाहीत. पुष्कळ प्रवासी खोलीबाहेर पडत नाहीत. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मात्र समुद्राचा रंग पालटतो, वाऱ्याची धार बोथट होते आणि लोकरी कोट उतरवून माणसे डेकवरच्या आरामखुर्च्यांत विसावतात. अकराच्या सुमारास सेवक गरम सूपचे पेले घेऊन फिरतो. कोणी दोरीची कडी फेकण्याचा खेळ खेळतो, कोणी बोटीने काल किती मैल कापले यावर पैज लावतो. दुपारी चहा आणि केक, रात्री कप्तानाची मेजवानी, एखाद्या रात्री वेषांतराचा नाच. रविवारी सभागृहात प्रार्थना होते. प्रवाशांत एखादे कॅथलिक धर्मगुरू असले तर नाचाच्याच दालनात सकाळी पवित्र मिस्सा अर्पण होते.

मग एके पहाटे फुंशालचा डोंगर दिसू लागतो. पूर्वी बोट दूर नांगर टाकी आणि तिच्याभोवती छोट्या होड्यांची गर्दी होई. होड्यांत भरतकाम, वेताच्या टोपल्या, फळे असत. वरून टाकलेली नाणी पाण्यात बुडी मारून काढणारी मुले असत. प्रवासी शहरात उतरत, मोंत या टेकडीवर जात आणि तेथून वेताच्या घसरगाडीत बसून उताराने खाली येत. पांढऱ्या पोशाखातील दोन माणसे दोरीने ती गाडी आवरतात आणि बुटांच्या तळव्यांनी तिचा वेग रोखतात. ही गाडी आजही चालते. पुढे कॅनरी बेटांत तेनेरिफेचा 3,700 मीटरहून उंच बर्फाळ तैदे पर्वत आणि लास पाल्मासचे बंदर पाहून बोट परतीला लागते.

फुंशालला उतरणाऱ्या किती प्रवाशांना ठाऊक असेल की या छोट्या शहराची धर्मसत्ता एके काळी आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती? पोर्तुगीज दर्यावर्दी 1419-20 च्या सुमारास मदेराला पोहोचले. बेटावर घनदाट जंगल होते म्हणून त्याला लाकूड या अर्थाचे मदेरा हे नाव मिळाले. रानबडीशेप उगवत होती त्या जागेचे नाव फुंशाल पडले. तेथे 1514 मध्ये धर्मप्रांत स्थापन झाला आणि पोर्तुगीजांनी शोधलेले सर्व नवे प्रदेश त्याच्या कक्षेत आले. 1533 मध्ये फुंशाल महाधर्मप्रांत झाला. 1534 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी गोवा धर्मप्रांताची स्थापना केली, ती फुंशालच्या महागुरूंच्या अधिपत्याखाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. म्हणजे वसई-मुंबईच्या पोर्तुगीज काळातील पहिल्या ख्रिस्ती मंडळींचे महागुरुपीठ, कागदोपत्री तरी, अटलांटिकमधील या बेटावर होते. 1551 मध्ये फुंशालचा तो दर्जा गेला आणि पुढे काही वर्षांनी गोवाच महाधर्मप्रांत झाला.

या नात्याचा अभिमान बाळगताना त्याची काळी बाजू झाकणे योग्य नव्हे. मदेराची पहिली समृद्धी उसाची होती. कॅनरी बेटांतील मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे गुलाम म्हणून त्या उसाच्या कामाला जुंपली गेली. जी वाट आमच्याकडे शुभवर्तमान घेऊन आली, त्याच वाटेने माणसांचा व्यापारही झाला. हे आम्ही नम्रपणे लक्षात ठेवले पाहिजे.

त्या बेटावरील श्रद्धा मात्र आजही जिवंत आहे. 16 डिसेंबरपासून नाताळपर्यंत नऊ दिवस मदेराच्या चर्चमध्ये पहाटेच्या अंधारात नोव्हेनाच्या मिस्सा होतात. पवित्र मरियेच्या प्रसूतीची वाट पाहणाऱ्या या मिस्सांना ‘मिसाश दु पार्तु’ म्हणतात. मिस्सा संपली की चर्चच्या आवारात गाणी, खाणे-पिणे आणि गाठीभेटी होतात.

मोंतच्या चर्चमध्ये ऑस्ट्रियाचे अखेरचे सम्राट, धन्यवादित कार्ल यांची कबर आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्यांना हद्दपार करण्यात आले आणि 19 नोव्हेंबर 1921 रोजी एका इंग्रजी युद्धनौकेने त्यांना फुंशालला आणून सोडले. श्रीमंत लोक जेथे प्रकृतीसाठी येत, तेथे या सम्राटापाशी शहरातल्या निवासाला पैसे उरले नाहीत. टेकडीवरच्या दमट, धुक्यात बुडालेल्या घरात कुटुंबासह राहताना त्यांना न्यूमोनिया झाला आणि 1 एप्रिल 1922 रोजी, वयाच्या 34 व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 3 ऑक्टोबर 2004 रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. घसरगाडीसाठी टेकडीवर गेलेला प्रवासी त्या चर्चच्या पायऱ्यांपाशीच उभा असतो.

आता बोटीच्या पोटात उतरू. डेकवर सूप आणून देणारा, बिछाना घालणारा, भांडी घासणारा माणूस कोण होता? इंग्रजांच्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेली होती. डेकवर गुजरात-काठेवाड आणि रत्नागिरीकडचे खलाशी, इंजिनघरात बहुधा पंजाबकडचे मुसलमान, तर स्वयंपाकघर, भोजनगृह आणि प्रवाशांच्या खोल्या गोव्याच्या ख्रिस्ती तारवट्यांकडे. हे तारवटी गावातून निघत ते थेट बोटीवर जात नसत. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांच्या गावांचे क्लब होते, ज्यांना ‘कूड’ म्हणत. एका दालनात भिंतीशी पेट्या रचलेल्या, एका बाजूला वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणण्याचा दंडक. काम मिळेपर्यंत महिनोन्‌महिने तेथे थांबावे लागे. बोटीवरून आलेल्या पैशातून गावात घरे उभी राहिली, मुले शिकली, चर्चची छपरे शाकारली गेली. पण त्या घरांतील किती आयांनी एकटीने संसार ओढला आणि किती मुलांनी बापाला फोटोतच पाहिले, याची नोंद कोणत्या वहीत आहे?

प्रवाशाची सफर दोन आठवड्यांची असते. सेवकाचा करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. प्रवासी उन्हात बसतो तेव्हा सेवक पाण्याच्या पातळीजवळच्या, खिडकी नसलेल्या खोलीत दुसऱ्या कोणाबरोबर आळीपाळीने झोप घेतो. नाताळची रात्र ही प्रवाशांच्या आनंदाची आणि सेवकांच्या सर्वांत जास्त कामाची रात्र. 2006 साली जिनिव्हा येथे सागरी श्रमिकांचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. तो 2013 मध्ये अमलात आला आणि भारताने त्याला 2015 मध्ये मान्यता दिली. त्यानुसार नाविकाला चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. हे आकडे वाचून हायसे वाटते, आणि ते लिहून ठेवावे लागले याचे वाईटही वाटते.

या दोन जगांमधील भिंत एका नाताळात आगीने जाळून टाकली. 19 डिसेंबर 1963 रोजी ‘लाकोनिया’ ही ग्रीक बोट साउदॅम्प्टनहून मदेरा आणि कॅनरीच्या नाताळ-सफरीवर निघाली. बोटीवर 646 प्रवासी आणि 376 कर्मचारी होते. 22 तारखेच्या रात्री, मदेराच्या उत्तरेस भर समुद्रात, नाच रंगात आला असताना केशकर्तनालयातून धूर येताना एका सेवकाच्या लक्षात आला. आग झपाट्याने पसरली. धोक्याची घंटा पुष्कळांना ऐकूच गेली नाही, काही जीवरक्षक होड्या पाण्यात उतरवताच आल्या नाहीत. पहाटेपर्यंत माणसे थंड पाण्यात तरंगत होती. अर्जेंटिनाची ‘साल्ता’ आणि इंग्लंडची ‘माँटकाम’ या बोटींनी धाव घेऊन शेकडो जणांना वाचवले. वाचलेल्यांपैकी अनेकांना फुंशाललाच आणण्यात आले. 128 जण प्राणास मुकले. त्यांत 95 प्रवासी होते आणि 33 कर्मचारी. 29 डिसेंबरला ओढून नेत असताना ती बोट बुडाली. ज्या रात्री सुरक्षेचे काम कसोटीला लागले, त्या रात्री तिकीट काढणारा आणि पगार घेणारा यांचे दैव एकच ठरले.

दर्यावर असलेल्या या लेकरांसाठी ख्रिस्तसभेने काय केले? 4 ऑक्टोबर 1920 रोजी ग्लासगो येथे पीटर अ‍ॅन्सन, आर्थर गॅनन आणि डॅनियल शील्ड्स यांनी खलाशांसाठीचे प्रेषितकार्य सुरू केले. 1922 मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्याला मान्यता दिली. ‘स्टेला मारिस’, म्हणजे सागरतारा पवित्र मरिया, या नावाने आज ते जगभरच्या बंदरांत चालते. धर्मगुरू आणि स्वयंसेवक बोटीवर जातात, खलाशांची विचारपूस करतात, घरी फोन लावून देतात, मिस्सा अर्पण करतात. 1997 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी या कार्यासाठी स्वतंत्र पत्र प्रसिद्ध केले. त्याची निकड 2020 च्या महामारीत सर्वांना कळली. बंदरे बंद झाली, प्रवासी घरी परतले, पण कर्मचारी बोटींवरच अडकले. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘मॅरेला डिस्कव्हरी’ बोटीवरचे शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी मुंबईत उतरले. त्याआधी घराच्या किनाऱ्याजवळ असूनही त्यांना दिवसामागून दिवस वाट पाहावी लागली होती.

विसावा घेणे हे पाप नव्हे. तो देवाने मानवाला दिलेला आशीर्वाद आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे, तिचे शेवटचे कलम मात्र आपण घाईने वाचतो. तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, असे देव तेथे सांगतो. म्हणजे दुसऱ्याचा विसावा हिरावून घेतलेली सुट्टी देवाच्या हिशेबी अपुरीच राहते.

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबेही निवृत्तीनंतर किंवा लग्नाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त अशा सफरी करू लागली आहेत. त्यांनी जरूर जावे, मोंतच्या चर्चमध्ये गुडघे टेकावेत. पण पहिल्याच दिवशी आपली खोली झाडणाऱ्याचे नाव विचारावे. बहुधा ते आपल्याच शेजारगावचे निघेल. आणि जे घरीच आहेत त्यांनी यंदाच्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत, आपल्या वाड्यातील बोटीवर असलेल्या मुलामुलींची नावे विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनेत मोठ्याने उच्चारावीत. त्या वेळी ती मुले कदाचित फुंशालच्या बंदरात दुसऱ्यांची ताटे मांडत असतील.