करमत नाही म्हणून परत फिरू नका : खोली, पाणी आणि ताटाचा आपला इतिहास

जून-जुलै महिना आला की नारायणगावच्या एस.टी. स्थानकात दरवर्षी एकच दृश्य दिसते. ओझर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची पोरंपोरी पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. पूर्वी हातात पत्र्याची पेटी असायची, आता पाठीवर बॅग असते. आईने बांधून दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र तीच. मंचर, राजगुरुनगर, चाकण मागे पडते आणि घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी पुण्यात उतरते. पंधरा दिवसांत घरी फोन येतो, "आई, इथं करमत नाही गं. परत येऊ का?" ही गोष्ट वस्तीत पसरते आणि कोणीतरी शहाणा बोलून जातो, "आपल्या पोरांना शहर झेपत नाही."

आमचा हा लेख त्या शहाण्याला उत्तर आहे. शहर न झेपणे हा आपल्या पोरांचा दोष नाही. घर सोडून शिकणाऱ्याला आधी खोली, पाणी आणि ताट लागते, ग्रंथ त्यानंतर येतो. ज्यांना ते मिळते ते शहरात रुळतात. आपल्याला ते नाकारले गेले, म्हणून आपल्या माणसांनी ते लढून उभे केले. हा इतिहास नव्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही, म्हणून तो स्वतःलाच दोष देतो.

इतिहासाची सुरुवात दूर शोधायला नको. ओझरचे नाव काढले की लोकांना विघ्नहर गणपती आठवतो. पण ओझरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर लेण्याद्री आहे. लोक तिथे गिरिजात्मज गणपतीसाठी पायऱ्या चढतात. ज्या सभागृहात ते उभे राहतात ते बौद्ध विहार आहे, सातव्या क्रमांकाचे लेणे. त्या सभागृहाच्या तीन बाजूंना भिक्खूंच्या वीस खोल्या खोदलेल्या आहेत. घरदार सोडून आलेल्या माणसांसाठी आपल्याच तालुक्यात जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी केलेली ही निवासाची सोय आहे.

ती सोय कोणी केली, हे जुन्नर परिसरातले शिलालेखच सांगतात. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. चिट नावाच्या एका यवनाने शिवनेरीच्या लेण्यात संघासाठी भोजनमंडप दिला. खोली, पाणी आणि ताट, तिन्ही त्यात आले. देणारे व्यापारी होते, परदेशी होते. त्यांनी "मुलं हुशार असतील तर कसंही शिकतील" असे म्हटले नाही. ज्ञानासाठी घर सोडणाऱ्याची सोय समाजाने करायची असते, हे त्यांना कळत होते.

आता बाबासाहेबांकडे येऊ. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, पण त्या पदव्यांमागचे परके दिवस मोजत नाही. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. सोबत बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड. विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात तिथले जेवण त्यांना जमेना. आठवड्याभरातच त्यांनी ते सोडले, कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहिले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये गेले. सुरुवातीचे काही महिने गप्पा, खेळ आणि फिरण्यात गेले, मग त्यांनी स्वतःला सावरले आणि अभ्यासाला जुंपून घेतले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. म्हणजे घडी बसायला बाबासाहेबांनाही वेळ लागला. मग आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला पंधरा दिवसांत कशी बसेल?

त्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे लंडनच्या शिक्षणातही त्याची पैशाची मदत झाली. लंडनमध्ये रात्री उशिरापर्यंत वाचताना भूक लागली की बाबासाहेब ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खात, हेही चरित्रात आहे. एक मित्र आणि कोणीतरी दिलेले पापड यांचाही त्या शिक्षणात वाटा आहे.

आणि हेच बाबासाहेब १९१७ मध्ये आपल्या देशात, बडोद्याला नोकरीसाठी आले तेव्हा काय झाले? त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी असल्याचे सांगून ते पारशांच्या एका पथिकाश्रमात राहिले. जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला बडोदे शहरात रात्र काढायला छप्पर नव्हते. परक्या न्यूयॉर्कमध्ये करमायला वेळ लागला, पण जागा मिळाली. आपल्या माणसांत मात्र जागाच मिळाली नाही. घरची आठवण येणे आणि जातीमुळे दार बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सगळ्यांना सोसावी लागते, दुसरी फक्त आपल्याला.

म्हणूनच बाबासाहेबांनी संघटना काढली तेव्हा वसतिगृहाचा प्रश्न पुढे ठेवला. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ ला सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. मधे सहा महिनेही गेले नव्हते. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची चळवळच उभी केली होती. त्यातले अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह काढले. आपल्या महापुरुषांना शाळा आणि वसतिगृह या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्या नाहीत.

पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून अर्धपोटी आलेली मुले नागसेनवनाच्या वसतिगृहांत राहिली आणि तिथून लेखक, प्राध्यापक, कार्यकर्ते घडले. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात सत्तरच्या दशकात पँथरच्या तरुणांचा राबता होता. त्यांनी गाव सोडल्याचे दुःख कुरवाळले नाही, त्याला आवाज दिला.

काहीजण विचारतील, "घरची आठवण तर सगळ्याच मुलांना येते. यात जात कुठे आली?" आमचे उत्तर असे. रूम बघायला गेल्यावर "पूर्ण नाव सांगा" हा प्रश्न कशासाठी असतो? आडनाव ऐकल्यावर "कालच गेली खोली" हे उत्तर कोणाला मिळते? २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या एम्सची चौकशी केली, तेव्हा देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेच्या वसतिगृहातही अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी वेगळे पडत असल्याचे समोर आले. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुलाने जीव दिला, त्याआधी त्याला आणि त्याच्या साथीदारांना वसतिगृहातूनच बाहेर काढले होते. वसतिगृहाबाहेर काढलेला विद्यार्थी विद्यापीठाबाहेरच ढकलला जातो.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. वीस हजाराला बारा महिन्यांनी भागा, खोलीसाठी महिन्याला सतराशेही येत नाहीत. पुण्यात एवढ्यात कॉट तरी मिळते का, हे ज्याने त्याने तपासावे. हा हक्क आपण पूर्ण मागितला पाहिजे आणि वेळेवर मागितला पाहिजे.

पण सरकारकडे मागताना आपली जबाबदारी विसरून चालणार नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण वर्षावास पाळतो, विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. नव्या विद्यार्थ्याचे घराबाहेरचे पहिले तीन महिनेही बहुतेक हेच. मग या वर्षावासात शहरातल्या प्रत्येक विहाराने, प्रत्येक मंडळाने आपल्या भागात आलेल्या नव्या मुलामुलींची यादी करावी. खोली बघायला त्यांच्यासोबत जावे. स्वाधार आणि शिष्यवृत्तीचा अर्ज शेजारी बसून भरावा. आठवड्यातून एकदा घरी जेवायला बोलवावे. मुलींकडे विहारातल्या ताईंनी लक्ष द्यावे. याला निधी लागत नाही.

आणि पुण्यात पहिल्यांदाच एकट्याने झोपणाऱ्या भावांनो, बहिणींनो, करमत नाही हे सांगायला लाजू नका. घरी सांगा, मित्राला सांगा, आपल्या कार्यकर्त्याला सांगा. पण तेवढ्यासाठी परतीची गाडी धरू नका. दिवाळीला गावी याल तेव्हा एकदा लेण्याद्रीला जा, त्या वीस खोल्या मोजा. तुम्ही ज्या खोलीत आज अस्वस्थ आहात, तिच्यासाठी आपल्या माणसांनी बडोद्यात अपमान सोसला आहे आणि सोलापुरात वसतिगृह उभे केले आहे. ती खोली सोडू नका. पुढच्या जूनमध्ये नारायणगावहून येणाऱ्या नव्या पोराला घ्यायला तुम्ही स्थानकावर उभे असले पाहिजे.

जय भीम ! जय संविधान !