तारेवरची अक्षरं आणि न लिहिलेलं अक्षर

तत्त्वज्ञानाच्या माणसाला वायर आणि केबलशी काय करायचंय, असं दोघा-तिघांनी मला विचारलं. माझं उत्तर असं की चिन्ह म्हणजे काय, ते कुणाच्या भरवशावर चालतं, आणि काहीच लिहिलेलं नसलं तर त्याचाही अर्थ होतो का, हे प्रश्न आपल्याकडे न्यायदर्शनापासून चर्चेत आहेत. ते प्रश्न आज विजेच्या केबलवर पाहू. कुठल्याही सोसायटीच्या मीटर रूममध्ये जा. जमिनीतून वर आलेल्या जाड काळ्या केबलवर, पुसट का होईना, 'ए-२एक्स-एफ-वाय' किंवा 'ए-वाय-डब्ल्यू-वाय' असं काहीतरी छापलेलं असतं.

हे आतून बाहेर वाचायचं, कांद्याचा पापुद्रा उलट्या दिशेनं मोजावा तसं. 'ए' म्हणजे आतली वाहक तार ॲल्युमिनियमची. त्यानंतरचं अक्षर तिच्या अंगावरच्या पहिल्या वेष्टणाचं, म्हणजे इन्सुलेशनचं. 'वाय' असेल तर पीव्हीसी, '२एक्स' असेल तर क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलिन. पुढे चिलखत: 'डब्ल्यू' म्हणजे गोल पोलादी तारांचं, 'एफ' म्हणजे चपट्या पट्ट्यांचं. शेवटचा 'वाय' सगळ्यांत बाहेरच्या पीव्हीसीच्या सालीचा. एकच गाभा असलेल्या केबलला पोलादी चिलखत चालत नाही. एकट्या तारेतल्या उलटसुलट प्रवाहामुळे पोलाद तापतं, म्हणून तिथे चुंबकीय नसलेलं चिलखत घालतात, आणि मग 'डब्ल्यूए', 'एफए' असं लिहितात.

आता तांब्याची केबल घ्या. तिच्यावर काय लिहितात? 'वाय-डब्ल्यू-वाय', '२एक्स-एफ-वाय'. तांब्याला अक्षरच नाही. 'ए' दिसला नाही की समजायचं, तांबं आहे. आपले वैशेषिक 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानतात. जमिनीवर घडा नाही हेही एक ज्ञानच आहे म्हणतात. विद्यार्थ्यांना हे शिकवताना उदाहरण शोधावं लागायचं. केबलवर ते आयतं छापलेलं आहे, किंवा खरं म्हणजे न छापलेलं आहे.

पण हे असं का झालं? याचं उत्तर तर्कात सापडत नाही, ते इतिहासात आहे. या अक्षरांचं घराणं जर्मन. १८९३ साली बर्लिनमध्ये जर्मन विद्युत अभियंत्यांची संघटना उभी राहिली. तिचं आद्याक्षरी नाव व्हीडीई. तिच्या पद्धतीत केबलच्या नावाची सुरुवात 'एन'नं होते, एन म्हणजे नॉर्म, प्रमाणाप्रमाणे केलेली. 'ए' ॲल्युमिनियमचा, 'जी' गुमी म्हणजे रबराचा, 'वाय' पीव्हीसीचा. 'वाय' पीव्हीसीला गेल्यामुळे पॉलिथिलिनला '२वाय' घ्यावं लागलं. आपण 'वाय' आणि '२एक्स' तसेच ठेवले, पण गोल तारेसाठी जर्मन 'आर' होता तो सोडून 'डब्ल्यू' घेतला. ही पद्धत बसत होती तेव्हा वीज वाहायची ती तांब्यातूनच, हे गृहीत होतं. गृहीत धरलेल्या गोष्टीला कुणी नाव देत नाही. घरात एकच आत्या असेल तर ती नुसती आत्या, दुसरी आली की थोरली आणि धाकटी सुरू होतं.

गंमत पुढे आहे. आपल्या देशात तांबं कमी, बॉक्साइट भरपूर. तांबं आणायचं तर परकीय चलन हवं, आणि साठच्या दशकात त्याचीच चणचण. त्यामुळे जमिनीखालच्या मोठ्या केबलींत आणि पुढे घरांच्या वायरिंगमध्येही ॲल्युमिनियम आलं. हिशेब चुकीचा नव्हता. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, पण घनता तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तार थोडी जाड घेतली तर तेवढंच काम निम्म्या वजनात होतं. जो अपवाद होता तो आपल्याकडे नियम झाला, तरी अक्षर मात्र अपवादाचंच राहिलं. म्हणजे संकेत ज्या काळात ठरला त्या काळातलं 'नेहमीचं' काय होतं, ते तो जपून ठेवतो, भोवतालचं जग बदललं तरी.

घरातल्या बारीक तारेत ॲल्युमिनियमनं त्रास दिला. स्क्रूखाली ते हळूहळू दबतं, पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो, सांधा ढिला होतो, तापतो. अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात तांबं महागलं म्हणून लाखो घरांत ॲल्युमिनियम गेलं. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पाहणीत निघालं की १९७२पूर्वीच्या अशा घरांत एखादा सांधा आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट आहे. तेव्हा एका 'ए'ची किंमत लहान नाही.

थोडं मागे जाऊ. आमच्या पिढीनं लहानपणी जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवरून गेलेली वायर पाहिली आहे. तिच्या आधीच्या पिढीची वायर व्हीआयआर, म्हणजे व्हल्कनाइज्ड इंडिया रबर. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार, तिच्यावर रबर, वर सुती वीण. कथिल कशाला? व्हल्कनाइज्ड रबरातलं गंधक तांब्याला खातं म्हणून. मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, तो काळ या रबरी तारेचा. यातल्या 'इंडिया'वरून आपण उगाच मान ताठ करू नये. ते रबर मूळचं दक्षिण अमेरिकेचं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमनं ब्राझीलहून बिया इंग्लंडला नेल्या, तिथून रोपं सिलोन आणि मलायात गेली. कोलंबसाची दिशाभूल जशी नकाशावर राहिली, तशी ती तारेच्या नावातही राहिली.

त्याच काळातले आकडे म्हणजे तीन-बावीस, सात-वीस. जुने वायरमन अजूनही दुकानात असंच मागतात. पहिला आकडा किती तारा पिळल्यात त्याचा, दुसरा प्रत्येक तारेच्या गेजचा. इथे २२ नंबरची तार २० नंबरपेक्षा बारीक! कारण तार छिद्रातून ओढून बारीक करतात. जितके जास्त वेळा ओढाल तितका नंबर वाढतो. आकडा तारेचं माप सांगत नव्हता, कारागिराचे श्रम सांगत होता. इंग्लंडात यंत्रशाळेगणिक गेज वेगळे असत, तो घोळ मिटवायला १८८४ पासून तिथे एक कायदेशीर गेज लागू झाला. आपण पुढे मेट्रिक झालो, आणि दीड, अडीच, चार चौरस मिलिमीटर आलं.

एक अक्षर म्हणजे एक अर्थ, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी 'एच' आणि 'एन' पाहा. जर्मन केबलवर 'एन' म्हणजे नॉर्म, युरोपच्या सामाईक पद्धतीत रबरी केबलवर 'एन' म्हणजे निओप्रीन, अमेरिकेतल्या टीएचएचएन तारेवर 'एन' म्हणजे नायलॉन. 'एच'चं तसंच. युरोपात तो 'हार्मोनाइज्ड'चा, अमेरिकेत उष्णतेचा. एक 'एच' ७५ अंशांपर्यंत, दोन असतील तर ९०. आणि आपल्या डिप्लोमाच्या पुस्तकांत जी 'एच टाइप केबल' असते, तिचा 'एच' हाय व्होल्टेजचा वाटतो, पण तो होख्श्टेटर या अभियंत्याच्या नावाचा. कागदी इन्सुलेशनच्या प्रत्येक गाभ्यावर धातूचा पातळ पडदा चढवायची कल्पना त्याची. एवढ्या दाबाखाली काम करून माणसाच्या वाट्याला एक अक्षर आलं.

आता आगीची अक्षरं. १९७५ हे साल लक्षात ठेवा. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यूवरचं टेलिफोन एक्स्चेंज जळलं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओलाव्याशी त्याचं आम्ल होतं. त्या धुरात काम केलेल्या अग्निशामक जवानांच्या प्रकृतीचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं गाजत राहिला. त्याच मार्चमध्ये अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात भिंतीतल्या फटीतून हवा येते का, हे कामगार मेणबत्ती धरून पाहत होते. फेसाच्या बुजवणीनं पेट घेतला आणि सुमारे १६०० केबल जळाल्या. मेणबत्तीनं अणुभट्टीची नियंत्रणं बंद पाडावीत, हे कादंबरीत कुणी खरं मानलं नसतं.

ज्वाला पसरू नये, धूर कमी व्हावा यासाठी केबलवर नवी अक्षरं रुळली. आपल्या घरच्या वायरीवरचं 'एफआर' म्हणजे आग पसरू न देणारी, 'एफआरएलएस' म्हणजे शिवाय धूर कमी. आणि मग 'झेडएचएफआर', झीरो हॅलोजन. थांबा इथे जरा. तांबं असलं तर अक्षर नाही, आणि क्लोरीन नसलं तर अक्षर आहे! दोन्हीमागे नियम एकच. ज्याची सवय झाली ते गप्प राहतं. पीव्हीसी इतकं सर्वत्र झालं की त्यातलं क्लोरीन कुणी लिहीत नाही, ते नसणं मात्र बातमी ठरतं.

या अक्षरांवर विश्वास का ठेवायचा? आतलं रसायन डोळ्यांना दिसत नाही, अनुमानानं कळत नाही. उरतं शब्दप्रमाण, विश्वासू माणसाचं सांगणं. तो विश्वासूपणा उसना द्यायला १९४७ साली इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन उभी राहिली, आता तीच बीआयएस. घरच्या वायरीवर आयएस ६९४ आणि सीएम-एल या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे सांगणाऱ्याचं नाव. तो तपासता येतो, म्हणून छापील अक्षराला वजन आहे.

पण तांब्याची खूण म्हणजे मौन, आणि मौनाची नक्कल सगळ्यांत सोपी. बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली वायर फिरते. टोक कापलं की लाल दिसतं, वर 'ए' अर्थातच नसतो. तिला ओळखायचे दोन साधे मार्ग आहेत. एक, ब्लेडनं तार खरवडा. आत पांढरी निघाली तर घेऊ नका. दुसरा, वजन. दीड चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर गुंडाळीत नुसतं तांबंच सुमारे १.२ किलो भरतं, वरचं प्लास्टिक वेगळं. मुलाम्याच्या तारेत धातूचं वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी असतं. दुकानदाराला काटा काढायला सांगा. तो कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा.