पाकिटातली खसखस : ऐकणाऱ्या यंत्रांचा इतिहास



इतिहासावरील व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय आपल्यापैकी काहींना थोडा आडवाटेचा वाटेल. या व्यासपीठावरून होळकरांच्या दौलतीवर, मराठ्यांच्या उत्तरेतील मोहिमांवर, बखरींवर आणि पत्रव्यवहारांवर पुष्कळ बोलले गेले आहे. मला आज ज्या वस्तूंविषयी बोलायचे आहे त्या आपल्या घरातच आहेत. इंटरनेटला जोडलेला टीव्ही, दारावरचा कॅमेरा, आवाजाला उत्तर देणारा डबा, मनगटावरचे घड्याळ. या वस्तू नव्या असल्या तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न जुना आहे. दोन माणसांच्या बोलण्यात तिसऱ्याचा कान आला तर त्या कानाला बांधून कसे ठेवायचे, हा तो प्रश्न. गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याची उत्तरे कशी शोधली गेली ते पाहिले, तर आपल्या घरात नेमके काय बदलले आहे ते उमजते, असे मला वाटते.

सुरुवात लंडनच्या टपालापासून करू. जोसेफ मॅझिनी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. सावरकरांनी केलेले त्याच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले होते. हा इटालियन क्रांतिकारक लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहत असताना, १८४४ साली, आपली पत्रे कोणीतरी फोडून वाचत असल्याचा संशय त्याला आला. खात्री करून घेण्यासाठी त्याने मित्रांना पाकिटात खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण घालून पत्रे पाठवायला सांगितले. पत्र हाती पडे तेव्हा पाकीट व्यवस्थित चिकटवलेले असे, पण आतली खसखस नाहीशी झालेली असे. प्रकरण पार्लमेंटपुढे गेले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या हुकमाने टपालखाते पत्रे फोडत होते हे उघड झाले, लोकांत संताप उसळला, चौकशी समित्या बसल्या आणि टपालातली पत्रे फोडणारी गुप्त कचेरी त्याच वर्षी बंद झाली.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. चोरून वाचणाऱ्याचा मागमूस राहत होता. मूठभर खसखस आणि थोडी चतुराई एवढ्या भांडवलावर एका परक्या माणसाने सरकारचा हात पकडला.

आता आपल्याकडे येऊ. १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली आणि आग्र्याहून मुंबईला जाणारी तार ग्वाल्हेर-इंदूरच्या वाटेने गेली. आपल्या माळव्याच्या मातीत तारेचे खांब इतके जुने आहेत. पत्राला पाकीट असते, तारेला नसते. मजकूर तारमास्तराच्या हातात द्यावाच लागे. तो वाचल्याशिवाय तार जाणारच नाही. पैसे मागणारी तार, मुलगी पसंत असल्याची तार, कोणी गेल्याची तार, सगळे काही त्याला घरच्यांच्या आधी कळे. ही सेवा १४ जुलै २०१३ पर्यंत चालली, म्हणजे या सभागृहातल्या बहुतेकांनी ती पाहिली आहे.

त्या कानाला कायद्याने कसे बांधले? १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात याची दोन टोके दिसतात. तारखात्याच्या कर्मचाऱ्याने मजकूर बेकायदा फोडला किंवा अडवला तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, हे एक टोक. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेसाठी सरकारला मात्र तार अडवून वाचता येईल, हे पाचव्या कलमातले दुसरे टोक. नोकराच्या तोंडाला कुलूप आणि त्याची किल्ली मालकाकडे, असा तो बंदोबस्त होता. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने घेतली असली, तरी अडवून ऐकण्याचा अधिकार नव्या कायद्यातही आहे.

टेलिफोन आपल्याकडे १८८२ मध्ये आला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे एक्स्चेंज उघडले. सुरुवातीचा प्रत्येक फोन ऑपरेटरच्या हातून जाई. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिलेल्या पिढीला आठवत असेल, की आपण बोलत असताना मधूनच ऑपरेटरचा आवाज येई. तो ऐकतो आहे हे ठाऊक असल्यामुळे लोक जपून बोलत. अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर याने १८९१ मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले. हा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा धंदा करी आणि ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते या संशयातून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. कारण काहीही असो, यंत्राने मधला माणूस काढून टाकला. भारतात कानपूर-लखनौ दरम्यान १९६० मध्ये एसटीडी सुरू झाले आणि पुढे शहरामागून शहर जोडले जात ऑपरेटरचा कान मागे पडत गेला. यंत्र आले की खासगीपणा जातोच असे नाही. काही वेळा यंत्रानेच तो मिळवून दिला आहे, हे इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर सांगितले पाहिजे.

प्रश्न न्यायालयात गेला तेव्हा सुरुवातीला सगळा विचार घराच्या भिंतीपाशी अडला. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात रॉय ओल्मस्टेड याचे फोन सरकारी माणसांनी घराबाहेरच्या तारांना जोड देऊन ऐकले. १९२८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की घरात कोणी शिरले नाही, म्हणून हक्काचा भंग झाला नाही. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी विरोधी मत नोंदवले. टेबलाच्या खणाला हात न लावता आतली कागदपत्रे न्यायालयात मांडण्याची युक्ती एक दिवस सरकारला सापडेल, असे त्यांनी तेव्हाच बजावले होते. तो निकाल मोडायला १९६७ साल उजाडावे लागले. सार्वजनिक टेलिफोन बूथला बाहेरून लावलेल्या श्रवणयंत्राच्या खटल्यात न्यायालयाने मान्य केले, की संरक्षण जागेला नसून माणसाला आहे. एवढी गोष्ट कळायला ३९ वर्षे लागली.

आपला प्रवास याहून लांबला. १९५४ आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेत खासगीपणाचा वेगळा हक्क नाही, असे म्हटले. १९७५ चा खटला आपल्या राज्यातला. गोविंद नावाच्या इसमाच्या घरी पोलीस वेळी-अवेळी येऊन पाहणी करत. त्याने मध्य प्रदेश पोलिसांच्या नियमांनाच आव्हान दिले. नियम टिकले, पण खासगीपणाचा हक्क असू शकतो आणि तो निरंकुश नसतो, ही वाट न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी त्या निकालात मोकळी केली. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हा अर्ज करणारे पुट्टस्वामी हे स्वतः कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते.

या साखळीतले दोन निकाल आजच्या विषयासाठी मला विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला १९७२ चा, मुंबईच्या एका कॉरोनरच्या लाचप्रकरणातला. एका डॉक्टरने आपला फोन पोलिसांच्या ध्वनिमुद्रण यंत्राला जोडू दिला होता. न्यायालय म्हणाले, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची परवानगी होती, म्हणून तार अधिनियमाचा भंग झाला नाही. दुसरा १९९६ चा, फोन टॅपिंगवरचा. सरकारला फोन ऐकायचा असेल तर गृहसचिवाचा हुकूम हवा, तो दोन महिन्यांपुरता, वाढवला तरी एकूण सहा महिनेच, आणि गरज संपताच मुद्रणाच्या प्रती नष्ट करायच्या, असे दंडक त्यात घातले गेले. कोणी ऐकावे यापलीकडे जाऊन, ऐकलेले किती दिवस ठेवावे, हा प्रश्न या निकालाने विचारला. तारमास्तराच्या बाबतीत तो विचारण्याची गरजच पडली नव्हती. दिवसाला शेकडो तारा हाताळणारा माणूस कालची तार आज विसरत असे. माणसाची विस्मृती हेच त्या काळचे मोठे संरक्षण होते.

घरातल्या नव्या यंत्रांनी नेमके ते काढून घेतले. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीचे टीव्ही घरात काय पाहिले जाते याची सेकंदासेकंदाची नोंद पाठवत होते आणि ती माहिती विकली जात होती. संच होते १ कोटी १० लाख. २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्याच वर्षी जर्मनीत 'केला' नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी आली. ती मुलांचे बोलणे इंटरनेटवर पाठवी आणि जवळच्या अनोळखी माणसाला ब्लूटूथने तिच्याशी जोडून घेता येई. जर्मन दूरसंचार नियामकाने तिला लपवलेले प्रक्षेपणयंत्र ठरवून पालकांना ती निकामी करायला सांगितले. २०१९ मध्ये समजले की ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल यांच्या आवाजी मदतनिसांनी टिपलेले काही बोलणे सुधारणेच्या नावाखाली माणसे बसून ऐकत होती. एसटीडीने घराबाहेर घालवलेला ऑपरेटर असा परत आला. आता तो मध्येच बोलून आपली हजेरी लावत नाही, आणि त्याच्याजवळची नोंद विसरली जात नाही.

व्यवहारातल्या अडचणी वेगळ्याच. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तिची युक्ती साधी होती : कारखान्यातून येतानाचे साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. मालकांना मात्र आपला कॅमेरा त्यात सामील होता याचा पत्ताही नव्हता. ब्रिटनने २०२४ पासून असे सर्रास सारखे पासवर्ड कायद्यानेच बंद केले. दुसरी अडचण आयुष्याची. आजोबांच्या लाकडी कपाटाला कंपनी बंद पडली म्हणून कधी काही झाले नाही. पण 'रिव्हॉल्व्ह' नावाचे, २९९ डॉलरना विकलेले घरगुती नियंत्रणयंत्र मे २०१६ मध्ये दूरच्या सर्व्हरबरोबरच निकामी झाले. यंत्र आपल्या फडताळात असले तरी त्याचा प्राण दुसऱ्याच्या हातात असतो.

तिसरी अडचण आपल्या घरांची आहे. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा अमेरिकेत, आणि आईवडील इथे, हे चित्र आपल्याकडे घरोघरी आहे. मुलगा सुटीत येतो, कॅमेरा बसवतो आणि ॲप आपल्या फोनवर ठेवून निघून जातो. त्यामागे काळजी आणि माया असते. वडील पडले तर कोणाला तरी कळावे, ही साधी गरज असते. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण त्या कॅमेऱ्यात आई दिसते, स्वयंपाकाच्या बाई दिसतात, दुपारी गप्पा मारायला आलेल्या शेजारीणबाई दिसतात. संमती एकाची आणि मुद्रण सगळ्यांचे. १९७२ च्या निकालातला तो एक डॉक्टर आज घराघरात आहे, फक्त आता दुसऱ्या बाजूला आपलीच माणसे आहेत. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू होत नाही. म्हणजे उंबरठ्याच्या आत आपणच कायदा आहोत. आईला विचारून कॅमेरा लावणे, स्वयंपाकाच्या बाईंना तो दाखवणे, पाहुणे आल्यावर बंद करणे, हे शिष्टाचार आपल्यालाच घालावे लागतील.

उंबरठ्याबाहेर मात्र हा कायदा कामाचा आहे. आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार सरकारने त्यात राखून ठेवला आहे, ही त्याची मोठी उणीव. पण ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की ती पुसली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. १९९६ चा दंडक सरकारी फोनटॅपिंगपुरता होता, तो आता कंपन्यांच्या दारापर्यंत आला. आणि आपल्यासारख्या सभेसाठी त्यात आणखी एक ओळ आहे. माहिती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. इंदूरमध्ये राहणाऱ्या माणसालाही ती सूचना मराठीत मागता येईल. हा हक्क राज्याच्या सीमेशी बांधलेला नाही.

पण कसल्या मराठीत? सरकारी अनुवादातले जडजंबाल वाक्य शेवटपर्यंत न वाचता 'मान्य' दाबले जाणार असेल, तर ती संमती कागदापुरतीच राहील. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या परमुलखात ही भाषा सांभाळली, त्यांच्यासमोर हे एक नवे काम आहे. यंत्र काय ऐकते, ते कुठे जाते, कधी पुसले जाते, एवढ्या तीन गोष्टी आपल्या आजीला कळतील अशा शब्दांत लिहून मागणे, आणि तसे लिहिले नसेल तर परत पाठवणे.

मॅझिनीजवळ खसखस होती. दाणे सांडले की त्याला कळायचे. आपली पाकिटे आता हवेतून जातात आणि त्यांतून काही सांडत नाही. म्हणून हे तीन प्रश्नच आपली खसखस समजावी आणि कोणतेही नवे यंत्र घरात घेताना ती आठवणीने घालावी, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.