तारेला टोके दोन, हवेला अनेक

सरकारी परवाना काढून, घरच्या घरी यंत्र बसवून, बिनतारी संदेशांची देवघेव करण्याचा छंद जगभर पुष्कळांना आहे. या हौशी रेडिओवाल्यांना ‘हॅम’ म्हणतात. पूर्वी ही मंडळी तोंडाने बोलत, नाही तर मोर्सच्या संकेतांनी. पुढे संगणक हाती आला, आणि मजकुराचे तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता घालून ते हवेतून धाडता येऊ लागले. अशा तुकड्याला ‘पॅकेट’ म्हणतात. आपण त्याला पाकीटच म्हणू या.

आता तारांवरून पाकिटे पाठविण्याचे नियम आधीच तयार होते. १९७६ साली ‘एक्स. २५’ नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली मान्य झाली होती. मग हौशी मंडळींनी आपली वेगळी नियमावली का केली? हा हट्ट होता की गरज?

उत्तर तारेतच आहे. तारेला टोके दोन. म्हणून एक्स. २५ मध्ये तारेवरच्या पाकिटावर, ते कोणत्या टोकाचे, एवढी खूण पुरे होई. हवा मात्र गावच्या चावडीसारखी. बोलणारे अनेक, ऐकणारेही अनेक. दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे वाया! हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओवरून संगणक जोडले, तेव्हा त्यांना हीच अडचण सोडवावी लागली. पाकिटाची पोच आली नाही, तर थोडे थांबून ते पुन्हा पाठवायचे, आणि किती थांबायचे ते प्रत्येकाने वेगवेगळे ठरवायचे, असा त्यांचा तोडगा.

‘आधी कानोसा घ्यावा, मगच बोलावे,’ असे आपण म्हणाल. ते खरे, पण पुरेसे नाही. गुरुजींनी हे मुलांकडून करवून पाहावे. एका मुलाला मैदानाच्या या टोकाला, दुसऱ्याला त्या टोकाला आणि तिसऱ्याला मध्ये उभे करा. टोकाच्या दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही; मधल्याला मात्र दोघांचाही येतो. दोघेही कानोसा घेऊन, शांतता आहे असे समजून बोलतात, आणि मधल्याच्या कानी नुसता कालवा! डोंगराआडच्या केंद्रांची गत हीच होते.

कॅनडातील माँट्रियल येथील हौशींनी १९७८ साली पाकिटे पाठविण्यास आरंभ केला. अमेरिकेत १९८० साली परवानगी मिळाली. मग प्रश्न आला पत्त्याचा. केंद्रांना क्रमांक द्यावेत, तर ते वाटणार कोण? या छंदाला मालक नाही, मुख्य कचेरी नाही. परंतु प्रत्येक हॅमला परवान्याबरोबर सरकारी संकेतनाम मिळतेच, आणि संदेश देताना ते सांगण्याचे बंधनही असते. तेच पत्ता म्हणून घेतले! भारतातील संकेतनामे बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होतात, तीही त्यात बसतात. एक्स. २५ चा सांगाडा ठेवून, पाकिटावर पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे संकेतनाम घातले. वाटेत पाकीट पुढे धाडणाऱ्या केंद्रांची नावेही लिहिता येऊ लागली, आठांपर्यंत. हीच ‘एएक्स. २५’. तिची दुसरी आवृत्ती १९८४ साली निघाली.

इंटरनेटची नियमावली अमेरिकेतील मूळ संगणकजाळ्यावर १ जानेवारी १९८३ रोजी लागू झाली. हौशींनी तिच्याशी वैर धरले नाही. फिल कार्न यांनी १९८० नंतरच्या दशकात तिची पाकिटे एएक्स. २५ च्या पाकिटात घालून पाठविण्याची सोय केली. मात्र हौशींचा रूढ वेग सेकंदाला १२०० बिट. नेहमीच्या इंटरनेट-पाकिटाच्या नुसत्या मथळ्यातच चाळीस अक्षरांची जागा जाते, म्हणजे पाव सेकंदाहून अधिक वेळ! चावडीवर सर्वांनी वाटून घ्यायच्या वेळात ही उधळपट्टी जाणवते.

तेव्हा हा हट्ट नव्हता. नियम दुसरीकडून आणावेत, त्यात कमीपणा नाही. पण आपली वाट कशी आहे, वाटसरू किती आहेत, हे पाहून ते बेतावे लागतात. हौशी मंडळींनी नेमके तेच केले.